तुम्ही विचारलंत म्हणून: एमुलेटर असताना जुना पीसी कशाला?

नागपुरात हा प्रश्न ठरलेला. "लॅपटॉपवर सगळं चालते ना, मग हे धूड ठेवून काय करून राहिले? देऊन टाका भंगारात!" दरवेळी उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदाचं नीट लिहितो.

चालतं, हे कबूल. डॉसबॉक्स या एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुना प्रोग्राम मिनिटभरात उघडतो. आता त्यात जिस्ट कार्डावर (पीसीत बसवायचं, पडद्यावर देवनागरी दाखवणारं कार्ड) लिहिलेली मराठी फाइल उघडा. ‘काका’च्या जागी दिसेल उभी रेघ, कोपरा, उभी रेघ, कोपरा. फाइल शाबूत आहे. इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संगणकी संकेतात क चा क्रमांक १७९, ह चा २१६, काना २१८. आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात १७९ ते २१८ या जागा चौकटी आखायच्या रेघांच्या. सगळी व्यंजनं नेमकी त्या कुंपणात अडकतात. त्यांची देवनागरी करायचं काम सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डाचं, आणि डॉसबॉक्सला ते कार्ड ठाऊकच नाही. कुठलाही एमुलेटर तेवढंच वठवतो, जेवढं कुणीतरी खऱ्या मशीनवर तपासून लिहिलेलं असतं. त्यासाठी कार्डावरची रॉम (त्याचा प्रोग्राम साठवलेली चिप) वाचून घ्यावी लागते, कार्ड कोणत्या पोर्टवर (पीसीशी बोलायच्या पत्त्यावर) काय उत्तर देतं ते नोंदवावं लागतं. रॉम ईप्रॉम, म्हणजे प्रकाशाने पुसता येणारी चिप, असेल तर चिपवरच्या काचेच्या खिडकीवरचा कागद काढू नका. थेट उन्हात आठवडाभरात ती पुसली जाते, आणि आपलं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

फ्लॉपीचंही तसंच. पावसाळ्यात बुरशी धरलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, की ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला घाण चिकटते, चकतीवरचा थर खरवडतो आणि पुढची फ्लॉपीही जाते. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, दर फ्लॉपीनंतर हेड साफ करा. सव्वापाच इंची, ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक (गोल पट्टे), २ बाजू, दर ट्रॅकवर ९ सेक्टर (तुकडे), दर सेक्टरला ५१२ बाइट: एकूण ३,६८,६४० बाइट. पण नुसते सेक्टर उतरवू नका. ग्रीजविझलने (फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडणारा छोटा बोर्ड) प्रत्येक ट्रॅकचे तीन-चार फेरे फ्लक्ससकट, म्हणजे चकतीवरच्या मूळ चुंबकीय खुणांसकट, घ्या. एका फेऱ्यात हुकलेला सेक्टर दुसऱ्यात सापडतो.

माझंच जुनं म्हणणं होतं, की इस्कीचं युनिकोड (आजचा सगळीकडे चालणारा संकेत) केलं की मजकूर वाचला, मशीनचं काम संपलं. मजकुरापुरतं ते आजही खरं आहे. पण जोडाक्षरं पडद्यावर कशी बसायची, प्रोग्रामच्या चौकटी आणि मराठी अक्षरं एकाच क्रमांकांवर कशी नांदायची, हे युनिकोडच्या फाइलीत येत नाही. ते जपण्याइतकं मोलाचं आहे का? मला वाटतं, आहे. घरात जागा नाही म्हणणाऱ्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कार्डाची रॉम उतरेपर्यंत तरी भंगारवाल्याला बोलावू नका.