रोबोटचं बोट: दाबानंतर आता घसरण

मागच्या नोंदीपर्यंत आपलं बोट फक्त दाब ओळखत होतं. आता टोकाशी दुसरा सेन्सर बसलाय आणि स्टीलचा पेला निसटायला लागला की आलेखात ते स्वच्छ दिसतं. पकड मात्र अजून वेळेवर आवळली जात नाही.

दाबाची बाजू तीच आहे: वेलोस्टॅटचा तुकडा, दोन्ही अंगांना कॉपर टेप, 10 किलोओमचा रेझिस्टर आणि आकडे वाचणारा ईएसपी-32 हा मायक्रोकंट्रोलर. कार्बन मिसळलेलं हे प्लास्टिक दाबलं की त्याचा विद्युतरोध घटतो. स्वस्त आहे, कात्रीने कापता येतं. पण दाब सोडल्यावर आकडा रेंगाळत मागे येतो आणि तेवढाच दाब धरून ठेवला तरी सरकत राहतो. त्याच्याकडून ग्रॅममध्ये उत्तर मागू नये. काहीतरी लागलंय आणि साधारण किती जोरात, एवढंच विचारावं.

घसरण याला कळणं अवघडच, कारण पेला सरकताना दाब फारसा बदलत नाही. आपल्या त्वचेने हे काम वाटून दिलंय. तळहाताच्या बाजूला चार प्रकारचे स्पर्शग्राहक असतात. मर्केल आणि रुफिनी दाब टिकून असेपर्यंत संदेश पाठवत राहतात. मायस्नर आणि पॅसिनी फक्त बदल झाला की बोलतात. पॅसिनी तर 200 ते 300 हर्ट्झच्या थरथरीला सगळ्यात तल्लख. स्वीडनमध्ये जोहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये दाखवलं, की चिमटीतली वस्तू किंचित घसरली की साधारण 70 मिलिसेकंदांत पकड आपोआप वाढते. माझं लक्ष्य हाच आकडा.

तेव्हा वेलोस्टॅट म्हणजे मर्केल, आणि पॅसिनीच्या जागी पिएझो चकती, म्हणजे थरथरली की व्होल्टेज देणारी चकती. पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळते, पण बझरची चकती म्हणून मागा. ‘टॅक्टाइल’ म्हणालात तर दुकानदार पुश बटण काढून देईल. चकतीला समांतर 1 मेगाओमचा रेझिस्टर, पिनच्या रक्षणाला दोन डायोड, सिग्नल निम्म्या व्होल्टेजवर उचललेला. नमुने सेकंदाला हजार. 250 हर्ट्झ पकडायला निदान 500 (दर कंपनाला दोन) हवेतच.

खरी मजा सेन्सरवर चढवलेल्या सिलिकोनच्या थरात आली. 2009 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी सेन्सरवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा कोरल्या, आणि कंपनं एका ठरावीक वारंवारितेभोवती गोळा झाली. हिशेब सोपा आहे: सरकण्याचा वेग भागिले रेघांमधलं अंतर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांवरून सेकंदाला 10 सेंटीमीटर गेलात तर 200 हर्ट्झ. माझ्या थ्रीडी प्रिंटरचा नोझल 0.4 मिलिमीटरचा, म्हणून सिलिकोन ओतायच्या साच्यात 1 मिलिमीटरवर समाधान मानलं. रेझिन प्रिंटरवर बारीक रेघा निघतील, पण प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकोन रेझिनच्या साच्यात अनेकदा नीट घट्ट न होता चिकटच राहतं. ज्यांनी यावर लेप देऊन मात केलीय, त्यांनी कृपया सांगा.

गुळगुळीत थर असताना कोरड्या पेल्याची घसरण गोंगाटात हरवायची. रेघांच्या थराने ती वेगळी उठून दिसते. ओला पेला अजून दगा देतो, आणि सावकाश घसरणाराही: सेकंदाला 2 सेंटीमीटर वेग म्हणजे जेमतेम 20 हर्ट्झ. तो टापू खरं तर मायस्नरचा, आणि कमी वारंवारिता गाळणारा माझा फिल्टर नेमकं तेच कापतो. फिल्टर खाली आणावा, तर सर्व्होची, म्हणजे बोट आवळणाऱ्या मोटरची, घरघर आत शिरते.

घोडं इथेच अडलंय. घसरण कळली की सर्व्हो आवळतो, त्याचे गिअर थरथरतात, चकतीला ती नवी घसरण वाटते, सर्व्हो आणखी आवळतो. कागदी कपाचा चोळामोळा. सर्व्हो फिरत असताना चकतीकडे दुर्लक्ष केलं तर कप वाचतो, पण 70 मिलिसेकंदांचा नाद सोडावा लागतो. आता दुसरी चकती तळव्यात, सर्व्होलगत बसवतोय. दोघींना ऐकू येईल ती मोटर, फक्त टोकाच्या चकतीला ऐकू येईल ती घसरण. वजाबाकी सरळ होणार नाही, कारण टोकापर्यंत पोचताना थरथर बदलते. आधी दोन्ही सिग्नल शेजारीशेजारी नोंदवून बघतो.