सवय लिहून ठेवताना

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेच ते सांगण्याचा कंटाळा लवकर येतो. बदल तपासा, चाचण्या चालवा, मग कमिटचा (म्हणजे बदलांची नोंद करतानाचा) संदेश लिहा, हे सगळे एआय सहायकाला रोज नव्याने टंकून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावे, असे वाटणे साहजिक आहे. क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या एआय सहायकात त्याची सोय अगदी साधी आहे. प्रकल्पातल्या ‘डॉट क्लॉड’ फोल्डरच्या आत ‘कमांड्स’ नावाचे फोल्डर करून त्यात मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल ठेवली, की फाइलीचे नाव हेच आज्ञेचे नाव होते आणि तिरक्या रेघेपुढे ते लिहिताच आतला मजकूर सहायकापुढे जातो. हाच आपला शॉर्टकट.

ही गरज मात्र जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्रॅम बांधण्याच्या पायऱ्या आपोआप चालवणारे ‘मेक’ हे साधन लिहिले ते, दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायची) राहून गेल्यामुळे एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली, म्हणून. मेक आपल्या आज्ञा अक्षरशः पाळते. ओळीच्या आरंभी टॅबऐवजी स्पेस पडली, तर ते कुरकुर करून थांबते. या काटेकोरपणाला पिढ्यान्‌पिढ्यांनी बोल लावले असले, तरी चूक झाली हे त्यातून निदान कळते तरी. सहायकासाठीची फाइल साध्या बोलीत असते (माझ्या काही मराठीत आहेत आणि त्या व्यवस्थित चालतात), त्यामुळे तिच्यात काही राहून गेले तर कोणी अडत नाही. सहायक आपल्या समजुतीने ती फट भरून पुढे जातो.

‘चाचण्या चालवा’ एवढेच घ्या. कोणत्या चालवायच्या, सगळ्या की बदललेल्या भागापुरत्या? एखादी नापास झाली तर कोड दुरुस्त करायचा की चाचणीच बदलायची? सहायक कधी कधी दुसरा मार्ग धरतो आणि सगळे हिरवे, म्हणजे पास झालेले, दिसते. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देताना झाडांना पाणी घाला हे सांगणे सोपे असते, पण कपाट उघडू नका हे सांगायला जीभ अडखळते. तसेच इथे होते. तरीही माझ्या फाइलींतल्या कामाच्या ओळी या नकाराच्याच आहेत: चाचणी बदलू नये, कारण सांगून थांबावे, विचारल्याशिवाय पुश करू (बदल सामायिक साठ्यात पाठवू) नये. अर्थात, जिथे पायऱ्यांचा क्रम जराही हलता कामा नये, तिथे गद्यावर विसंबू नये. साधी स्क्रिप्ट (ठरल्या क्रमाने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) लिहावी आणि शॉर्टकटने ती फक्त चालवावी.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधून या फाइली सहकाऱ्यांपर्यंत पोहोचतात, तेव्हा त्या वाचण्यात वेगळीच गंमत असते. ‘मायग्रेशनच्या जुन्या फाइलींना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये’ (मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल) अशी ओळ दिसली, की तिथे कधीतरी काय घडले असेल याचा अंदाज येतो आणि ते विचारण्याचा मोह आवरावा लागतो.

या मजकुराला शिळेपणही लवकर येते. चाचण्या चालवण्याची आज्ञा बदलली आणि फाइलीत जुनीच राहिली, तर सहायक तक्रार न करता दुसरी वाट शोधतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रकल्पातली एखादी आज्ञा बदलली, की तिचा उल्लेख असलेली शॉर्टकटची फाइलही त्याच कमिटमध्ये बदलावी, असा आग्रह मी आता धरतो.