जबाबातल्या वरच्या दोन ओळी

"मी अमुक अमुक, वय 51 वर्षे, धंदा नोकरी, राहणार लालबाग, मो. नं. अमुक, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की..." पोलिसांसमोरचा जबाब असा सुरू होतो. काय पाहिलं ते सांगायच्या आधीच खोली नंबर आणि मोबाईल कागदावर. टपरीसमोर चाकू चालला तो मी पाहिला होता. जबाब वाचून घेतला, तपशील तपासला. वरच्या दोन ओळींवर नजर थांबलीच नाही.

चार्जशीट दाखल झाली आणि आठवड्याभरात फोन आला. "काका, ट्यूबलाइट खरंच चालू होती का, नीट आठवून बघा." आवाज अगदी नम्र. ठेवता ठेवता म्हणाला, "काकू सकाळी भाजीला एकट्याच जातात ना?"

मला वाटलं, पोलिसांतल्या कुणीतरी नंबर फोडला. तसं काहीच नव्हतं. ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे चार्जशीटच्या आणि जबाबांच्या प्रती आरोपीला मोफत द्याव्याच लागतात. ते पटलंही. मी काय बोललो हे कळल्याशिवाय त्याचा वकील उलटतपासणी कशाच्या जोरावर घेणार? पण त्याला माझा खोली नंबर कशाला?

याला वाट होती, पण चार्जशीटच्या आधी. त्याच संहितेच्या कलम 193(7) खाली तपास अधिकारी जबाबातला एखादा भाग आरोपीला देऊ नये अशी कारणांसह टीप जोडू शकतो, निर्णय मॅजिस्ट्रेटचा. आमच्या साहेबांनी टीप जोडली नव्हती, मीही मागितली नव्हती. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हाच आहे. माझ्यासारख्या रस्त्यावरच्या साक्षीदाराला मात्र आपणहून तोंड उघडावं लागतं.

मग उरली साक्षीदार संरक्षण योजना, 2018. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी 5 डिसेंबरला महेंदर चावला खटल्यात ती मंजूर केली आणि देशभर लागू केली. अर्ज जातो समितीकडे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत पोलीस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख. धोका किती याचा अहवाल एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, देतात, योजनेप्रमाणे पाच कामकाजाच्या दिवसांत. माझ्या वेळी तीन आठवडे गेले. त्या काळात बायको भाजीला गेलीच नाही, शेजारचा पोऱ्या आणून द्यायचा. वकीलबाईंनी एक पक्कं बजावलं होतं, फोनची तारीख-वेळ वहीत लिहा आणि कॉल लॉग पुसू नका. अहवालासाठी आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्यांदा तेच मागितलं.

जिवाला धोका असेल तर अ वर्ग, मी बसलो क वर्गात: त्रास आणि दमदाटी. आधी थोडा अपमानच वाटला. आदेश तीन महिन्यांचा, पुढे गरज पडली तर वाढवायचा. चाळीखाली रात्रीची गस्त, साक्षीच्या दिवशी सोबत शिपाई आणि नवा नंबर.

साक्षीला पिंजऱ्यात उभा राहिलो. सवयीने विचारलं गेलं, "राहणार?" सरकारी वकील चटकन उठल्या, "पत्ता रेकॉर्डवर आहे, साहेब." न्यायाधीशांनी मान हलवली, पुढचा प्रश्न आला. ट्यूबलाइटवर वीस मिनिटं उलटतपासणी चालली. चालूच होती, मी सांगितलं.

जुना नंबर आता बंद आहे. गावाकडच्या आत्याला तोच पाठ, ती अजून त्यावरच लावते आणि मग बायकोला फोन करून माझी तक्रार करते.