ट्रामचा शेअर

नागपुरात सीताबर्डीवरच्या आमच्या ऑफिसात जुने शेअर घेऊन येणारे लोक रोजचेच. नावातली चूक, वारस दाखला, आयईपीएफचा (कोणी न मागितलेले शेअर जिथं जमा होतात त्या सरकारी फंडाचा) फॉर्म ५. काम रखडतं, पण बहुतेकदा पैसे निघतात. महाल भागातून आलेले ते तीन भाऊ आणि त्यांची आत्या तर हिस्से ठरवून, स्टॅम्प पेपर नोटरी करूनच आले होते.

थोरल्यानं पिशवीतून सर्टिफिकेट काढलं. घड्यांवर विरलेलं, टाचणीच्या गंजाचा डाग पडलेलं. वर नाव : मद्रास इलेक्ट्रिक ट्रामवेज (१९०४) लिमिटेड. आजोबा रेल्वेच्या नोकरीत मद्रासला होते म्हणे.

"लई जुना हाय जी. बोनस-बिनस धरून कोटीत जाईन ना?"

नावातलं ते १९०४ पाहूनच माझा उत्साह मावळला. आधीची कंपनी बुडाली की नव्या कंपनीच्या नावात बरेचदा असं साल येतं, आणि इथं तेच झालं होतं. मद्रासमध्ये १८९५ साली भारतातली पहिली विजेची ट्राम धावली. मुंबईत ती यायला १९०७ उजाडलं. पण मद्रासवाल्यांनी वीज नेली रस्त्याखालच्या नाल्यातून! पावसाळ्यात नाल्यात पाणी शिरलं की गाडी ठप्प. शेवटी खांब रोवून वरून तार ओढावी लागली. पुढे पहिली कंपनी गेली, आणि १९०४ मध्ये ही आली.

"म्हंजे आपल्या मेट्रोवानी वरून तार?" धाकटा म्हणाला. त्याला गोष्टीत रस वाटू लागला होता. थोरला मात्र घड्याळ पाहत होता.

"मग आता हे कंपनी कुठं हाय?"

कुठंच नाही. १९५३ च्या एप्रिलमध्ये मद्रासची ट्राम कायमची बंद पडली, कंपनीचं दिवाळं निघालं. दिवाळ्यात आधी ज्यांचं देणं बाकी आहे त्यांचं भागवतात. भागधारकांचा नंबर सगळ्यात शेवटी. बुडालेल्या कंपनीचा शेअर आयईपीएफमध्येही सापडत नाही. हे सांगताना दरवेळी समोरच्याचा चेहरा पडतो, पण स्टॅम्प पेपरचे पैसे खर्चून आलेल्यांना सांगणं जास्तच जिवावर येतं.

जुन्या सर्टिफिकेटांचे शौकीन असतात, थोडेफार पैसे देतात, असं मी म्हणालो. विकायला कोणीच तयार होईना. आत्या म्हणाली, "बाबाची सही हाय त्याच्यावर, मी नेतो." त्यावर तिघंही एकदम बोलू लागले. कोटीचे हिस्से शांतपणे पाडलेली मंडळी बिनकिमतीच्या कागदावरून हातघाईवर आली.

मी पोराला चार झेरॉक्स काढायला पाठवलं आणि मूळ कागद कोणी न्यायचा ते खाली चहाच्या टपरीवर ठरवा म्हटलं. पुढची पार्टी केव्हाची दारात उभी होती.