लाग्वार्दियाच्या पोटातली वाइन

लाग्वार्दियाच्या वेशीतून पाहुण्यांची गाडी आत सोडत नाहीत. तटबंदीबाहेर गाडी लावायची आणि पायी वर जायचं. कारण पायाखाली आहे. स्पेनच्या रिओहा भागातलं हे टेकडीवरचं गाव आतून पोकळ आहे. घराघरांखाली मिळून दोनशेहून अधिक भुयारी तळघरं खोदलेली आहेत, त्यांना तिथे ‘कालादो’ म्हणतात. लढायांच्या काळात ती लपायला उपयोगी पडली, पुढे वाइन मुरवायला. वरून जड वाहनं गेली तर त्यांना हादरे बसणार, म्हणून गल्ल्या फक्त पायी चालणाऱ्यांच्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि ताई तिथे तीन दिवस होतो. बिल्बाओला विमानातून उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि शंभरेक किलोमीटर दक्षिणेला आलो. शेवटच्या टप्प्यात सिएरा कांताब्रियाची खडकाळ भिंत ओलांडावी लागते, आणि तिथे हवा पालटते ती अंगाला कळते. पलीकडे समुद्रावरचे ओले ढग, हिरवी कुरणं, रिपरिप. अलीकडे ऊन, चुनखडीची फिकट माती आणि खाली एब्रो नदीपर्यंत उतरत गेलेल्या द्राक्षबागा. या भिंतीमुळेच इथे द्राक्ष नीट पिकतं.

पहिला दिवस मात्र वाया गेला. आगाऊ वेळ न ठरवता दोन लहान बोदेगांच्या (वाइन करणाऱ्या घरांच्या) दारात गेलो. एकीकडे तोडणीची गडबड होती, दुसरीकडे दुपारचे अडीच वाजलेले आणि दार बंद. चूक आमचीच. दुपारी दोन ते साडेचार-पाच हा तिथे जेवणाचा आणि विश्रांतीचा वेळ असतो. चार माणसांच्या बोदेगात पाहुण्यांसाठी वेगळा माणूस कुठून असणार? जो दाखवतो तोच द्राक्षं तोडतो आणि तोच टाक्या धुतो. म्हणून निदान दोन आठवडे आधी ईमेल करा, सकाळची वेळ मागा आणि इंग्रजी बोलणारं कुणी असेल का ते विचारून घ्या. तोडणीच्या दिवसांत काहीजण नाही म्हणतात, पण जे हो म्हणतात त्यांच्याकडे जे बघायला मिळतं ते एरवी मिळत नाही.

आम्हाला हो म्हणाले ते एका घरचे बापलेक. वडील साठीचे, फक्त स्पॅनिश बोलणारे. मुलगी इंग्रजीत सांगत होती. तिला मी आधीच लिहिलं होतं की आधी बाग दाखवा, तळघर नंतर. ही विनंती तुम्हीही जरूर करा. बहुतेक ठिकाणी थेट बॅरलांपुढे उभं करतात आणि द्राक्ष दिसतच नाही.

बाग बघून ताई चकित झाली. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढं जाड वाकडं खोड आणि त्यातून वाटीसारख्या वर उघडलेल्या फांद्या. या पद्धतीला ‘एन बासो’ म्हणतात, म्हणजे पेल्याच्या आकाराची. द्राक्षवेलाची मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेराच्या किडीने 1899 मध्ये रिओहात पाय ठेवला, त्यानंतर इथल्या बागा या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करून नव्याने उभ्या राहिल्या. वडिलांनी एका खोडाच्या बुडाशी माती उकरून कलमाची गाठ दाखवली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि माती परत लोटली.

मग त्यांनी तेम्प्रानियो या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोडून ताईच्या हातावर ठेवला. “साल वेगळी करून चावा,” मुलगी म्हणाली. आतला गर पाण्यासारखा बिनरंगी, नुसता गोड. साल मात्र दोन बोटांत चोळली तर बोटं जांभळी झाली. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सगळा त्या सालीत. बी दाताखाली फोडली तर भाजल्यासारखी कुरकुरीत लागली. बी हिरवी-कडू लागली तर तोडणी थांबवायची, असा त्यांचा हिशेब. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांआधी पिकतं म्हणून त्याचं हे नाव. पुढच्या तुकड्यात ग्रासियानो अजून वेलावरच होतं. उशिरा पिकणारं, कमी फळ देणारं, जिभेला आंबट झिणझिण्या आणणारं. जुन्या लोकांनी ते उपटून टाकलं, कारण पोटापुरतं पीक येत नव्हतं. या घराने अर्धा एकर राखलं आहे. ते सांगताना मुलीच्या आवाजात जो अभिमान होता, त्याच्यासाठीच अशा लहान ठिकाणी जावं.

लाल होत चाललेल्या पानांच्या त्या बागेत मधेच एखादा वेल लख्ख पिवळा दिसत होता. ती व्हिउरा, पांढरं द्राक्ष. पूर्वी लाल-पांढरे वेल असे एकत्रच लावत आणि एकत्रच तोडत. ऑक्टोबरअखेर गेलात तर हे रंग आणखी उघड दिसतील.

आता खरा मुद्दा. रिओहा म्हटलं की सगळे ओक बॅरलमध्ये वर्षानुवर्षं मुरवलेल्या वाइनमागे धावतात. पण लाग्वार्दियाच्या आसपासच्या शेतकऱ्यांची खरी ओळख आहे त्या वर्षीची ताजी वाइन, आणि ती करायची रीत निराळी आहे. द्राक्षं ठेचत नाहीत, देठही काढत नाहीत. हाताने तोडलेले अख्खे घड उघड्या हौदात ओततात. या हौदाला ‘लागो’ म्हणतात. वजनाने तळाचे मणी फुटतात, तो रस आंबू लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू वरच्या घडांना वेढून टाकतो. मग प्राणवायूविना, अख्ख्या मण्याच्या आतल्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. शास्त्रीय भाषेत याला कार्बोनिक मॅसरेशन म्हणतात. त्यातून फळाचा वास उसळून येतो आणि तुरटपणा मवाळ राहतो.

हौदाच्या काठाशी उभं राहण्याआधी मुलीने मोठा पंखा लावला आणि आम्हाला दोन पावलं मागे थांबवलं. या वायूला तिथे ‘तुफो’ म्हणतात. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साठून राहतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. पूर्वी तळघरात उतरताना हातात मेणबत्ती धरत, ज्योत विझली की उलट्या पावली वर. जरा वाकले तर माझ्या नाकाला सोड्यासारखा चटका बसला. सोबत लहान मुलं असतील तर त्यांचा हात सोडू नका, आणि थांबा म्हटलं की थांबा.

आठ-दहा दिवसांनी हौदाची तोटी उघडतात. आपसूक निथळते ती ‘लाग्रिमा’, म्हणजे अश्रू. मग माणसं आत उतरून घड पायांनी, दाताळ्याने हलवतात, तेव्हा निघते ती ‘कोरासोन’, म्हणजे काळीज. उरलेला चोथा दाबयंत्रात घालून काढतात ती ‘प्रेन्सा’. घरचे लोक काळजालाच मान देतात. मला मागच्या वर्षीची कोरासोन मिळाली. पिकलेली स्ट्रॉबेरी, किंचित केळं आणि शेवटी ज्येष्ठमधाचा हलका गोडसर कडवटपणा. ओकचा लवलेशही नाही, म्हणून बागेत चावलेला मणी मला पेल्यात ओळखू आला. लाकडाची चव चढल्यावर ते अवघड होतं. टेस्टिंगला बसाल तेव्हा हीच आधी मागा, मुरलेल्या वाइन नंतर.

खालच्या कालादोत 225 लिटरची बॅरलं होती. थंडी बारमाही असते, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी जाकीट न्या. पायऱ्या अरुंद आणि ओल्या असतात, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच विचारा. तिथे बॅरलमधून थेट काढलेली ग्रासियानो चाखली. शाईसारखा गडद रंग, आणि आंबटपणा असा की तोंडाला पाणी सुटावं. तेम्प्रानियोत याची थोडी भर का घालतात, ते एका घोटात कळलं.

बाटली घेताना मागची पट्टी बघा, ती रिओहाच्या नियामक मंडळाची असते. हिरवी पट्टी म्हणजे ताजी किंवा वर्गवारी न केलेली वाइन. लाल पट्टी ‘क्रियान्सा’ची, ती किमान दोन वर्षांची असते आणि त्यातलं लाल वाइनसाठी निदान एक वर्ष ओकमध्ये गेलेलं असतं. गडद मरून ‘रेसेर्बा’ तीन वर्षांची, निळी ‘ग्रान रेसेर्बा’ पाच वर्षांची. हिरव्या पट्टीला कमी लेखू नका. लहान घरं कधीकधी आपली सर्वांत चांगली वाइनही त्या पट्टीखाली विकतात.

ताई पीत नाही, तीच गाडी चालवत होती. तुमच्यात असं कुणी नसेल तर गावातच मुक्काम करा आणि पायी जाता येईल अशी बोदेगा निवडा. पोलीस रस्त्यात थांबवून श्वास तपासतात. बितोरिया-लोग्रोन्यो बस लाग्वार्दियावरून जाते, पण फेऱ्या मोजक्या, परतीची वेळ आधी बघून ठेवा. ताईला प्रत्येक ठिकाणी ‘मोस्तो’ मिळाला, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. बारमध्येही तो सहज मिळतो. जे पितात त्यांनीही टेबलावरच्या थुंकदाणीचा संकोच करू नये, मालक स्वतः वापरतात.

शाकाहारी असाल तर जपून. रिओहाच्या पद्धतीचे बटाटे नावाला बटाटे, आत डुकराच्या मांसाचे चोरिसोचे तुकडे असतात. भाज्यांच्या ‘मेनेस्त्रा’तही हॅम सापडतं. भाजलेली पिकियो मिरची, पांढरं शतावर, चीज आणि अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) यावर आमचं छान निभावलं.

सांता मारिया चर्चचं रंगीत दगडी दार चुकवू नका. कोरीवकाम चौदाव्या शतकातलं, रंग सतराव्यातले. ते बंदिस्त आहे, ठरलेल्या वेळीच उघडतात, वेळ पर्यटन कार्यालयात कळते.

निघताना सहा बाटल्या घेतल्या. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, म्हणून प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध. क्रियान्सा आणि ग्रासियानो थांबू शकतात. कोरासोनच्या बाटलीवर मुलीने पेनाने एक महिना लिहून दिला होता, पुढच्या सप्टेंबरचा. जपून ठेवण्याच्या मोहात पडू नका. पुढची तोडणी सुरू व्हायच्या आत ती उघडा.