चौदा टक्के

सोमवार, रात्र

स्क्रीनवर बॅटरी १४ टक्के दिसत होती आणि गाडी बंद पडली. दुपारपासून हे एकच वाक्य मनात घोळतंय. शून्यावर बंद पडली असती तर मी चकार शब्द काढला नसता. चार-पाच टक्के असते तरी समजून घेतलं असतं. पण १४ म्हणजे हळू चालवली तर निदान बारा किलोमीटर, आणि घर राहिलं होतं चार किलोमीटर. मी हिशेब करूनच निघाले होते. मी नेहमीच हिशेब करून निघते.

चढावर मूठ जरा जास्त पिळली, लाल दिवा लागला आणि मोटरचा तो बारीक सूर मधेच तुटला. पेट्रोलची गाडी बंद पडायच्या आधी आचके देते, खोकते, काहीतरी कळवते तरी. ही विजेवरची दुचाकी, हिने काहीच कळवलं नाही. दहा मिनिटं कडेला थांबून परत चावी फिरवली. आत बॅटरी जोडणारा मोठा स्विच, कॉन्टॅक्टर, खट् वाजला, स्क्रीन उजळली आणि पुन्हा १४ टक्के. मधे काही घडलंच नाही अशा थाटात. सपाटीवर चालली, पुढच्या चढाला परत बंद पडली. मग ढकलत आणली.

ढकलल्याचं दुःख नाही. हात दुखतायत, दुखू देत. पण त्या आकड्यावर मी आठ महिने विश्वास ठेवला. कुठे जायचं, कुठून परतायचं, कोणाला हो म्हणायचं, सगळं त्याला विचारून ठरवलं. आता तोच खोटा निघाला तर मी कशाकडे बघून गाडी चालवायची?

ज्या काकांकडून ही जुनी गाडी घेतली, त्यांचा मेसेज शनिवारपासून पडून आहे. ‘गाडी कशी आहे?’ एवढाच. आधी सवडीने उत्तर देऊ म्हणून राहिला होता. आज तो बघून रागच आला. ‘बॅटरी उत्तम आहे’ असं म्हणाले होते ते. आता आठवायचा प्रयत्न करतेय, म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता. आठवत नाही. मी गाडीकडे बघत होते.

जुनी पेट्रोलची गाडी घेताना धूर दिसतो, इंजिनाचा आवाज ऐकता येतो, तेलाचे डाग सापडतात. बॅटरी म्हणजे बंद पेटी. आधीच्या माणसाने ती किती उन्हाळे काठोकाठ भरून उन्हात उभी केली, किती वेळा पार तळाला नेऊन तशीच सोडली, यातलं बाहेरून काही दिसत नाही. किलोमीटर मोजता येतात, पण लिथियमची बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होत असते. मी गाडी घेतली म्हणजे खरं तर दुसऱ्या माणसाच्या सहा वर्षांच्या सवयी घेतल्या. त्या कशा होत्या ते मला या चढावर कळणार होतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो काय म्हणेल ते माहीत आहे. म्हणू दे, पण आज नको.

मंगळवार, पहाट

झोप लागली नाही म्हणून खाली जाऊन फोन गाडीला जोडला. हे मी कालच करायला हवं होतं. रागात सुचलं नाही.

बॅटरीत एकामागे एक जोडलेले सेलचे वीस गट आहेत, म्हणून ॲपमध्ये वीस ओळी येतात. एकोणीस ओळींत ३.५१, ३.५२, ३.५१ व्होल्ट. तेराव्या ओळीत ३.२४. तेरा नंबर किती तरी वेळ बघत बसले.

म्हणजे काल काय झालं असणार ते कळलं. चढावर मोटरने जास्त करंट ओढला की सगळ्याच गटांचा व्होल्टेज खाली दबतो. एकोणीस जण दबून परत वर आले असते. तेरावा आधीच तळाशी होता, तो मर्यादेच्या खाली गेला आणि बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या बीएमएसने त्याला वाचवायला सगळी गाडी थांबवली. भार सुटल्यावर तो सावरला, म्हणून दहा मिनिटांनी गाडी परत जागी झाली. आणि ते १४ टक्के? टक्केवारी मोजणारा भाग आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत असतो. सगळ्या बॅटरीचा तो हिशेब बरोबरच होता. वीसपैकी एक मागे पडलाय हे त्या बेरजेत दिसत नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

हे लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पुढचा प्रश्न लगेच आला: तो मागे पडला कसा?

गट थोडेफार मागेपुढे होतातच. प्रत्येकाची आपोआप उतरण्याची गती थोडी वेगळी असते. ते सारखे करण्याचं काम बीएमएस करतो. पुढे गेलेल्या गटांमधला जास्तीचा चार्ज तो उष्णता करून घालवतो आणि मागच्याला गाठायला वेळ देतो. पण माझ्या गाडीत हे काम बॅटरी भरत आली की मगच सुरू होतं. शेवटच्या टप्प्यात, शंभराच्या जवळ.

आणि मी आठ महिन्यांत एकदाही शंभर केलेले नाहीत.

८० टक्क्यांवर थांबवायचं, हे मी गाडी घ्यायच्या आधी वाचलं होतं आणि व्रतासारखं पाळलं. ते चूक नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत बॅटरी फार वेळ ठेवली की तिचं वय लवकर वाढतं, हे खरंच आहे. मी तिला जपत होते. रात्री उठून चार्जर काढलाय मी, ऐंशीचे ब्याऐंशी होऊ नयेत म्हणून. त्या आठ महिन्यांत तेरावा रोज थोडा थोडा मागे सरकत होता आणि त्याला कोणी थांबत नव्हतं.

आता आठवतंय. चावी देताना काका म्हणाले होते, ‘महिन्यातून एकदा रात्रभर लावून ठेवत जा.’ मी मान डोलावली होती. मनात म्हटलं होतं, हे जुन्या पद्धतीचे, यांना माहीत नाही.

मंगळवार, रात्र

सकाळी चार्जर लावला आणि काढला नाही. संध्याकाळी १०० दिसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ही संख्या तिथे बघितली, छातीत धडधडलं. एकोणीस गट ४.१९ च्या आसपास, तेरावा ४.०७. चार्ज अँपिअर-तासांत मोजतात, आणि माझ्या अंदाजाने तो सहा-साडेसहा अँपिअर-तास मागे आहे. आणि बीएमएस एका तासाला जेमतेम ०.१ अँपिअर-तास सारखं करतो. म्हणजे साठ तासांहून जास्त. अडीच दिवस नुसतं लावून ठेवायचं आणि हात लावायचा नाही.

हात न लावणं मला जमत नाही, ते वेगळं.

गाडीशेजारी पायरीवर बसले होते. चार्जरचा पंखा थोडा वेळ फिरतो, थांबतो, परत फिरतो. या गाडीने दिलेलं सगळं काल मी एका चढावर विसरले होते. पहिल्या दिवशी मूठ पिळल्यावर ती ज्या तऱ्हेने उठली होती, क्लच नाही, गिअर नाही, थेट. पहाटे निघालं की टायरखालची खडी ऐकू येते, पक्षी ऐकू येतात, स्वतःच्या जॅकेटची फडफड ऐकू येते. वेग वाढवला की वारा किती महाग पडतो हे तिने शिकवलं. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो, आणि टक्के डोळ्यांसमोर गळताना दिसतात. पेट्रोलवर असताना हे कधी जाणवलं नव्हतं. आता उतारावर मूठ सोडते तेव्हा थोडी वीज परत येते. फार नाही येत, पण येते, आणि दर वेळी मला आनंद होतो.

रात्री वाचत बसले. लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आली १९९१ मध्ये. तिच्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं थेट २०१९ मध्ये, व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आणि मी सहा वर्षांच्या पेटीला म्हातारी म्हणून मोकळी झाले.

अजून एक शक्यता आहे, ती लिहून ठेवते. तेरावा नुसता मागे पडलेला नसेल, त्याची धारणशक्तीच कमी झाली असेल. तसं असेल तर वर सगळे सारखे होतील आणि खाली उतरताना तोच परत आधी संपेल. ते गाडी तळापर्यंत चालवूनच कळेल, सपाट रस्त्यावर, घराजवळ. तेव्हाचं तेव्हा.

बुधवार, रात्र

तेरावा ४.१० वर आलाय.

काकांना उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: ‘गाडी चांगली आहे. तुम्ही रात्रभर लावायला सांगितलं होतं, मी लावली नव्हती. आता लावली आहे.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘तेरावा ना? तो कायम मागे राहतो. पण येतो.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. औषध सांगितलं, दुखणं सांगितलं नाही. यावर रागवायचं का, हे ठरवायला हवं होतं. मी फोन बाजूला ठेवून खाली गेले आणि परत बघितलं. ४.११.