भूल देण्याआधीची रात्र

आज एका पश्मी जातीच्या कुत्रीची नसबंदी पुढे ढकलली. सकाळी काही खाल्लं का विचारलं, तर आजी म्हणाल्या, "मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवू? दूधभाकरी घातली थोडी." त्यांची माया कळते हो, पण भुलीत गिळण्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं की ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून मोठ्या कुत्र्याला साधारण 6 ते 12 तास उपाशी ठेवायचं. पाणी मात्र आदल्या रात्रीपासून तोडू नका. अगदी लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरते. सशाला तर उलटीच होत नाही, त्याला असं उपाशी ठेवूच नये.

पश्मीच्या अंगावर चरबी नसतेच. अशा शिकारी, सडपातळ जातींत थायोपेंटल हे भुलीचं औषध उतरायला फार वेळ लागतो, म्हणून मी ते वापरत नाही. आणि भुलीचा डोस ठरवायला वजन काट्यावरच करते, अंदाजाने कधीच नाही.

दुपारी एका मांजरीचं ऑपरेशन झालं. केटामाइन या भुलीच्या औषधात डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम घातलं, अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. कुत्र्या-मांजरांत भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी बरेच ऑपरेशननंतरच्या पहिल्या 3 तासांत होतात, म्हणून ती नीट बसेपर्यंत मी तिला घरी सोडलं नाही. घरी नेल्यावर आज रात्री तिला पलंगावर, कट्ट्यावर ठेवू नका, तोल जातो.